दिवे गेले की हात वर

गेल्या वर्षापर्यंत त्या सभागृहात व्याख्यान रंगात आलं की दिवे जायचे. वक्ता थांबायचा नाही. वाफेचा दाब, तारांमधली गळती, ज्या कशावर तो बोलत असेल त्यावर अंधारातही बोलत राहायचा. मधल्या वाटेच्या कडेला बसलेली माणसं उजवा हात डोक्याच्या वर न्यायची, दोनदा हलवायची आणि खाली घ्यायची. दिवे यायचे. कुणी हसायचं नाही, कुणी शेजाऱ्याकडे बघायचंही नाही. परगावाहून आलेल्या एका वक्त्याला वाटलं, एवढे हात वर झालेत म्हणजे प्रश्न आहेत. "हां, विचारा," तो म्हणाला. कुणालाच काही विचारायचं नव्हतं. पहिल्या रांगेतून फक्त "चालू द्या, चालू द्या" एवढंच आलं.

हे सभागृह ऊर्जाक्षेत्रातल्या अभियंत्यांच्या संस्थेच्या स्थानिक शाखेचं. खाली चष्म्याचं दुकान, वर अरुंद जिना, मग एक लांबट खोली: मधे वाट, दोन्हीकडे खुर्च्या, छताला पंखे, कोपऱ्यात चहाचं टेबल. वीज कशी तयार करायची, कशी वाहून न्यायची आणि मुख्य म्हणजे कशी वाया जाऊ द्यायची नाही, हे ज्यांचं पोटापाण्याचं काम, ती माणसं महिन्यातून एकदा गुरुवारी संध्याकाळी इथे जमतात. अशांच्या डोक्यावरचे दिवे भर सभेत जातात, यावर जेवढे विनोद होऊ शकतात तेवढे खालच्या चष्मेवाल्याने करून झालेले आहेत.

शाखेच्या मानद सचिव एक निवृत्त बाई आहेत. त्यांना सगळे 'गव्हर्नर' म्हणतात. संस्थेत प्रत्येकाला त्याच्या यंत्रावरून नाव पडतं, आणि बाईंची सगळी नोकरी वीजकेंद्राच्या टर्बाइनवर गेली. टर्बाइनचा वेग हाताबाहेर जाऊ न देणारा जो भाग असतो, त्याला गव्हर्नर म्हणतात. वक्त्याची वेळ संपली की बाई नुसत्या उभ्या राहतात. बोलत काहीच नाहीत. आजवर एकही वक्ता त्यापुढे दोन वाक्यांपेक्षा जास्त टिकलेला नाही, त्यामुळे नावाबद्दल कुणाची तक्रार नाही. फक्त एकदा नव्या कुरिअरवाल्याने पाकिटावरचं नाव वाचून दारात बूट काढले होते.

बाईंचे वडील शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. घरात सुट्या भागांचे डबे असायचे आणि त्यांना हात लावायची मनाई नव्हती. बाईंच्या मते त्यांचं शिक्षण तिथेच झालं, कॉलेजात फक्त त्याला नावं मिळाली. वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये त्या रुजू झाल्या तेव्हा भिंतभर काटे असलेली घड्याळांसारखी मीटरं होती, आणि ठरावीक वेळाने उठून यंत्रापाशी जाऊन, तिथलं रीडिंग बघून ते लिहायचा नियम होता. नियम होता म्हणजे तो मोडायची पद्धतही होती. थंडीच्या पाळीत काही जण खुर्चीतून न उठता मागचाच आकडा जरा इकडेतिकडे करून लिहायचे. याला तिथे 'खुर्चीतलं रीडिंग' म्हणत.

बाईंनी असं एक रीडिंग पकडलं होतं. एका पंपाच्या बेअरिंगचं तापमान नेहमीसारखं, अगदी निरोगी लिहिलेलं होतं. पंप त्या दिवशी वर्कशॉपमध्ये उघडून ठेवलेला होता. बाईंनी लिहिणाऱ्याला काही सुनावलं नाही. "चला, दाखवा," एवढंच म्हणाल्या, आणि त्याला पंपाच्या रिकाम्या चबुतऱ्यापर्यंत चालत नेलं. दोघं तिथे थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. तो गृहस्थ पुढे मुख्य अभियंता झाला आणि ही गोष्ट आता तोच सगळ्यांना सांगतो.

बाईंचे यजमान शाळेत कवायत शिकवायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, बाईसुद्धा. शाळेची सहल वीजकेंद्र बघायला आली होती. टर्बाइनच्या आवाजात मुलांना काही ऐकू येत नव्हतं, पण मास्तरांचा "एका रांगेत" मात्र ऐकू आला. बाईंनी मान वळवून बघितलं. "एवढ्या आवाजावर मात करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला," असं त्या म्हणतात. "अजून करतो," असं त्यांची मुलगी म्हणते. मुलगी दुसऱ्या गावात नृत्य शिकवते.

संस्थेची सनद, म्हणजे तुम्ही पूर्ण अभियंता आहात असं लिहून देणारा कागद, बाईंना तरुणपणीच मिळाली. त्यासाठी मुलाखत द्यावी लागते. समोर तीन बुजुर्ग बसतात आणि खोदून खोदून विचारतात. बाईंना विचारलं होतं, "टर्बाइन अचानक पळायला लागलं तर तुम्ही पहिल्यांदा काय कराल?" बाई म्हणाल्या, "मी त्याच्या समोर उभी असेन तर बाजूला होईन. मग सांगते पुढचं." सनद आता त्यांच्या स्वयंपाकघरात टांगलेली आहे. बैठकीच्या भिंतीवर जागा नाही. तिथे मास्तरांच्या शाळेचे चषक आहेत.

निवृत्तीनंतर बाईंचा जीव रमला तो या सभागृहात. व्याख्यान संपलं की चहाच्या टेबलाशी खरं काम सुरू होतं. सनदेच्या मुलाखतीला बसणाऱ्या तरुण अभियंत्यांना सगळे जण मिळून तिथेच घोळात घेतात. बॉयलरकाका हे निवृत्त बॉयलर निरीक्षक, ते मुद्दाम चुकीचं बोलतात आणि उमेदवार "हो हो" म्हणाला की त्याला खाऊन टाकतात. ट्रान्सफॉर्मर हे उपकेंद्रातले वजनदार गृहस्थ, ते विचार करताना हळू आवाजात गुणगुणतात, आणि गुणगुण थांबली की प्रश्न येणार हे उमेदवाराला कळतं. इथून तयार होऊन गेलेले उमेदवार खऱ्या मुलाखतीत सहसा घाबरत नाहीत. घाबरायचं सगळं इथेच उरकलेलं असतं.

आता सेन्सरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी संस्थेच्या मुख्यालयाने सगळ्या शाखांना सांगितलं की आधी आपल्या सभागृहातली वीज वाचवा, मग जगाला सांगा. बाईंनी ते मनावर घेतलं. खोलीत माणूस असेल तर दिवे चालू, नसेल तर बंद, असं करणारा सेन्सर त्यांनी स्वतः शिडीवर चढून बसवला. हा सेन्सर गरम, हलती वस्तू ओळखतो. छताच्या मधोमध बसवला तर फिरत्या पंख्यांमुळे फसेल, म्हणून बाईंनी तो दाराच्या वर लावला आणि त्याची संवेदनशीलता कमी केली. सेन्सरला मधली वाट नीट दिसायची. खुर्च्यांत बसलेली माणसं, ती जर चांगल्या श्रोत्यांसारखी निश्चल बसली, तर दिसायची नाहीत. आणि अभियंते श्रोते म्हणून फार चांगले. हाताची घडी घालून बसतात, निम्मे झोपेत असतात. दहा मिनिटं कुणी हललं नाही की खोली रिकामी समजून दिवे जायचे.

बाईंनी घरी असाच एक सेन्सर न्हाणीघरात बसवला होता. मास्तरांनी तो आठवड्यात काढून त्यांच्या हातात ठेवला. "मी आयुष्यभर मुलांना हात हलवायला सांगितलं," ते म्हणाले, "पण तिथे बसून हलवायला मला कुणी सांगू नये." तोच सेन्सर बाईंनी मुलीच्या नृत्यवर्गाला दिला. तिथे तो अजून उत्तम चालतो. तिथे कुणी स्थिर उभं राहत नाही.

सभागृहाच्या अंधारावर तोड मास्तरांनीच काढली. ते सभासद नाहीत, पण बाईंना सोडायला येतात आणि चहापर्यंत थांबतात. दुसऱ्यांदा दिवे गेले तेव्हा ते उभे राहिले आणि वाटेच्या कडेच्या लोकांना म्हणाले, "कडेचे सगळे, उजवा हात वर. एक, दोन. खाली." दिवे आले. पुढच्या महिन्यापासून कुणाला सांगावं लागलं नाही, फक्त निम्मे झोपेत असल्याने हात वर जायला बराच वेळ लागायचा. बाईंना दर वेळी वाटायचं, सेन्सर हलवायला हवा. पण दर वेळी दिवे येत होते आणि चहा थंड होत होता. शिवाय वर्षाअखेरीस मुख्यालयाने सर्वाधिक वीज वाचवणारी शाखा म्हणून यांनाच मानचिन्ह दिलं. पितळेची पाटी, तिच्यावर बचतीचा आकडा आणि बाईंचं नाव. ती दारालगतच्या भिंतीवर, बरोबर सेन्सरच्या खाली लावली गेली. मानचिन्ह लागलं की त्याच्या वरचं यंत्र हलवायला हात धजत नाही.

मग मुख्यालयातून फोन आला. तिथे नवे व्यवस्थापक आले होते. ते अभियंते नव्हते. हिशेब आणि मालमत्ता बघायचे. प्रत्येक शाखेच्या सेन्सरच्या नोंदी मुख्यालयात जमा होतात, आणि त्या त्यांनी बसून वाचल्या होत्या. हे आजवर कुणी केलेलं नव्हतं.

"मॅडम, तुमचं सभागृह रिकामंच असतं," ते नम्रपणे म्हणाले.

"कधी?"

"नेहमी. व्याख्यानाच्या गुरुवारीसुद्धा."

"गुरुवारी मी तिथे असते. माझ्यासमोर माणसं असतात."

"नोंदीत सुरुवातीला थोडी वर्दळ दिसते, मग सगळं शांत. मधेच एखादा ठिपका येतो. तो झाडणाऱ्याचा असावा."

"झाडणारा सकाळी येतो."

"मग हा कोण?"

हा कोण ते बाईंना ठाऊक होतं. तो ठिपका म्हणजे त्यांच्या यजमानांचा उजवा हात होता.

व्यवस्थापकांचं म्हणणं सरळ होतं. वापरात नसलेली जागा सोडून द्यायची, व्याख्यानं यापुढे घरबसल्या पडद्यावर ऐकायची. निर्णय घ्यायच्या आधी ते स्वतः एक व्याख्यान बघायला येणार होते, त्यांच्या बाजूने ही पूर्ण सभ्यता होती. पडद्यावरचं व्याख्यान शाखेने एकदा करून बघितलेलं होतं. बॉयलरकाकांना आपला आवाज बंद करता आला नाही आणि वक्ता त्यांच्या घोरण्याशी स्पर्धा करत राहिला. चहाच्या टेबलावरची खडाजंगी तर पडद्यावर होतच नाही; उमेदवाराची चूक ऐकून सहा जणांनी एकदम कप खाली ठेवले, हे तिथे दिसत नाही.

संध्याकाळी जेवताना बाईंनी मास्तरांना सगळं सांगितलं.

"मग सांग त्यांना," मास्तर म्हणाले. "सेन्सर चुकीच्या जागी आहे म्हणावं."

"सेन्सर मी लावलाय."

"ते मला माहीत आहे. एक माझ्या न्हाणीघरातही लावला होतास."

"त्या सेन्सरसाठी मानचिन्ह आहे, मास्तर. आणि बचत एवढी मोठी का दिसते, ठाऊक आहे? आम्ही निम्मी व्याख्यानं अंधारात ऐकली म्हणून. दिवेच नव्हते तर वीज कशाला लागतेय."

मास्तर जेवायचे थांबले. "म्हणजे मी हात लवकर वर केला असता तर तुझं बक्षीस गेलं असतं?"

"बरंचसं."

"मग निम्मं बक्षीस माझं," म्हणून ते पुन्हा जेवायला लागले.

कार्यकारिणीची बैठक चहाच्या टेबलाशीच झाली. बाई, बॉयलरकाका, ट्रान्सफॉर्मर आणि सोलर. सोलर ही छपरावर सौर पॅनेल बसवणाऱ्या कंपनीतली तरुण अभियंता. पुढचं व्याख्यान तिचं होतं आणि त्याच्या पुढच्या महिन्यात तिची सनदेची मुलाखत होती. म्हणजे नेमकं याच वेळी सभागृह जाणं तिला परवडणारं नव्हतं.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. दुसऱ्या कुठल्याही चार माणसांनी म्हटलं असतं, सेन्सर काढून दुसरीकडे लावू. अभियंत्यांनी सेन्सरला फसवायचं यंत्र तयार करायला घेतलं.

"त्याला काय हवं असतं?" बॉयलरकाका म्हणाले. "गरम आणि हलणारं काहीतरी."

"मग तुम्हालाच टांगू दारावर," ट्रान्सफॉर्मर म्हणाले.

"मी हलत नाही. विचारा बाईंना."

"गरम पाण्याची पिशवी," सोलर म्हणाली. "मान हलवणाऱ्या टेबलफॅनला बांधायची. फॅन फिरेल, पिशवी फिरेल, सेन्सरला वाटेल माणूस फिरतोय."

ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागले. मग चर्चेला जे उधाण आलं, तसं त्या खोलीत कित्येक महिन्यांत आलं नव्हतं. पिशवी व्याख्यान संपेपर्यंत गरम राहील का? लोकरीत गुंडाळा, बॉयलरकाका म्हणाले. लोकरीत गुंडाळली तर उष्णता बाहेर कशी दिसेल, ट्रान्सफॉर्मर म्हणाले. मग दोन पिशव्या आलटूनपालटून. मग फॅन पडद्याआड कसा लपवायचा. बॉयलरकाकांनी चहाच्या बशीत बोट बुडवून टेबलावर आकृतीसुद्धा काढली. बाईंनी नको म्हटलं नाही. उठताना "पिशवी आमच्या घरी आहे" एवढंच म्हणाल्या, आणि ते पुरे होतं.

घरी चाचणी झाली. जुना फॅन, गरम पिशवी आणि मुलीकडून चार दिवसांपुरता परत मागवलेला सेन्सर. यंत्र झकास चाललं. मास्तर स्वतः खुर्चीत निश्चल बसून राहिले आणि दिवा एकदाही गेला नाही. "माझी नोकरी गेली," ते म्हणाले.

ठरलेल्या गुरुवारी बाई आणि मास्तर वेळेआधी पोहोचले. बाईंच्या हातात थर्मास, मास्तरांच्या काखेत फॅन. बॉयलरकाका स्टुलावर चढून दारावरच्या पडद्याची दांडी चाचपत होते. खाली ट्रान्सफॉर्मर स्टूल धरून उभे होते. पिशवी भरली, बांधली, फॅन लावला. तो पडद्याआडून डावीकडे वळला, उजवीकडे वळला. सेन्सरचा लाल ठिपका लुकलुकला. सगळे दिवे लागले. खोलीत वाटेवर कुणी नव्हतं आणि सेन्सरच्या मते तिथे ये-जा चालू होती.

बाई त्या लुकलुकत्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, काढा ते."

"का? मस्त चाललंय की."

"मस्तच चाललंय. पंप वर्कशॉपमध्ये आणि तापमान निरोगी. हे खुर्चीतलं रीडिंग आहे."

"बाई, तो माणूस आपल्याला रिकामं ठरवायला येतोय," स्टुलावरून काका म्हणाले. "आज पिशवी नाही लावली तर जागा जाईल."

"जाईल कदाचित. पण रीडिंग घ्यायला तो उठून इथवर येतोय ना? मग त्याला पंपाची जागा बघू दे."

ट्रान्सफॉर्मरनी हळूच विचारलं, "आणि मानचिन्ह?"

बाईंनी फॅनची पिन काढली. मास्तरांनी पिशवी सोडवली आणि थंडी होती म्हणून कोटाच्या आत धरून बसले.

व्यवस्थापक वेळेवर आले. नीटनेटके, हसतमुख, हातात छोटा संगणक. आपण अभियंते नाही हे त्यांनी आल्या आल्या तिघांना सांगितलं, आणि तिघांनीही "काही हरकत नाही" असं जरा जास्तच मोठ्या मनाने म्हटलं. ते शेवटच्या रांगेत, वाटेच्या कडेला बसले. खोली भरलेली होती. ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली. त्यांनी मागेपुढे बघितलं, मग संगणकात बघितलं, मग पुन्हा खोलीत.

सोलरचं व्याख्यान पॅनेलवर साचणाऱ्या धुळीबद्दल होतं. विषय रुक्ष, पण ती चांगलं बोलत होती. आपण एका गोदामाचं छप्पर निम्मं पुसून निम्मं तसंच ठेवलं आणि मालकाला वाटलं की मजुरी वाचवण्यासाठी काम अर्धवट सोडलं, हे तिने सांगितलं तेव्हा लोक हसले. मग आकडे सुरू झाले. हाताच्या घड्या पडल्या. बॉयलरकाकांची हनुवटी छातीला टेकली.

दिवे गेले.

सोलर बोलत राहिली. कडेचे हात वर गेले. शेवटच्या रांगेतल्या व्यवस्थापकांनी इकडेतिकडे बघितलं, हा काहीतरी ठराव असावा असं त्यांना वाटलं असणार, आणि माणूस भिडस्त, त्यांनीही हात वर केला. दोनदा हलवला. दिवे आले. त्यांच्या मांडीवरच्या संगणकावर एक ठिपका उमटला.

ते त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एकट्यानेच पुन्हा हात हलवला. दुसरा ठिपका उमटला.

व्याख्यान संपल्यावर प्रश्नांची वेळ आली तेव्हा पहिला हात त्यांचाच होता. "प्रश्न धुळीबद्दल नाही," ते म्हणाले. "मघाशी जे झालं, ते नेहमी होतं?"

सगळ्यांनी मानचिन्हाकडे बघायचं टाळलं, आणि टाळताना सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. बाई उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या तशी सवयीने सोलर बसली.

"दर वेळी होतं," बाई म्हणाल्या. "सेन्सर मी बसवला. जागा मी निवडली. पंख्यांचा विचार केला, माणसांचा केला नाही. त्याला वाट दिसते, खुर्च्या दिसत नाहीत. त्यामुळे तुमच्या नोंदीत आम्ही नाही. आणि त्या पाटीवरची बचत पूर्ण खरी नाही. त्यात आमचा अंधारही धरलाय. पाटी परत घेऊन जा. सभागृह रिकामं नसतं, एवढं लिहा."

व्यवस्थापक संकोचले. "पाटी परत घेण्याची पद्धत नाही, मॅडम. देण्याची आहे."

"मग करा पद्धत."

"तुम्ही फोनवरच का नाही सांगितलंत?"

"कारण सांगायची लाज वाटली," बाई म्हणाल्या. "मी आयुष्यभर लोकांना उठून रीडिंग घ्या म्हणत आले. इथे बसून स्वतःचं बघितलं नाही. तुम्हीही तिकडे बसूनच आम्हाला रिकामं ठरवलंत. पण तुम्ही निदान उठून आलात."

मागच्या भिंतीपाशी मास्तरांच्या कोटातून गरम पाण्याची पिशवी घसरून खाली पडली.

चहाच्या टेबलाशी व्यवस्थापक बराच वेळ थांबले. सोलरला बॉयलरकाकांनी कोंडीत पकडलं होतं. काका एक चुकीचं सूत्र छातीठोकपणे सांगत होते आणि ती "नाही, काका, नाही" म्हणत होती. व्यवस्थापकांनी विचारलं, हे काय चाललंय. मुलाखतीची तयारी, बाईंनी सांगितलं. यासाठी फी आहे का? नाही. वेळापत्रक? नाही. मग हे मोजायचं कसं, असं ते पुटपुटले आणि बिस्कीट घेतलं.

मग ते म्हणाले, "खरं म्हणजे तुमच्या तुलनेत आमची एक शाखा फार वर्दळीची आहे. त्यांचं उदाहरण मी सगळ्यांना देतो. तिथे सुट्टीच्या दिवशीही सभागृह भरलेलं असतं."

"सुट्टीच्या दिवशी अभियंते व्याख्यानाला येतात?"

"उत्साही आहेत."

ट्रान्सफॉर्मरची गुणगुण थांबली. बाईंनी कप खाली ठेवला. "तिथे खिडकीला वाऱ्याने हलणारा पडदा आहे का हो? आणि खिडकीवर ऊन येतं का?"

व्यवस्थापकांनी हातातलं बिस्कीट न खाता बशीत ठेवलं.

सभागृह राहिलं. मुख्यालयातून आलेल्या दोन ओळींत लिहिलं होतं की प्रत्यक्ष पाहणीत जागा पूर्ण वापरात आढळली. 'प्रत्यक्ष' या शब्दाखाली बाईंनी पेन्सिलीने रेघ ओढली आणि कागद फाइलला लावला. सेन्सर दारावरून हलला. आता तो व्यासपीठाच्या बाजूच्या भिंतीवर, पंख्यांच्या पात्यांखाली, खुर्च्यांकडे तोंड करून आहे. जागा नक्की करायला दोन संध्याकाळी लागल्या. बाई शिडीवर आणि मास्तर वेगवेगळ्या खुर्च्यांत बसलेले. "जरा कमी हला," बाई वरून म्हणायच्या. "याहून कमी हललो तर डॉक्टर बोलवावा लागेल," मास्तर म्हणायचे.

पाटी जागेवरच आहे, कारण ती परत घ्यायची पद्धत अजून तयार झालेली नाही. बाईंनी बचतीचा हिशेब नव्याने केला, आलेला आकडा एका पट्टीवर लिहिला आणि पट्टी पाटीच्या खाली चिकटवली. आकडा आधीच्या निम्म्याहून कमी आहे. चष्मेवाला म्हणतो, अशी दुरुस्ती त्याने आजवर फक्त नंबराच्या कागदावर बघितली होती. मुख्यालयाने आता बाईंना बाकीच्या शाखांचे सेन्सर तपासायचं काम दिलंय, तेही मानद. त्या वर्दळीच्या शाखेत पडदा होता आणि ऊनही होतं. सोलरला सनद मिळाली. मुलाखतीत एका बुजुर्गाने तिला एक चुकीचं सूत्र सांगून बघितलं आणि तिला हसू आवरलं नाही.

नव्या जागी सेन्सर बसल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी वक्ता रंगात आला, हाताच्या घड्या पडल्या, खोली निश्चल झाली. दिवे गेले नाहीत. तरीही नेहमीच्या वेळेला मास्तरांचा हात वर गेला, त्याच्यामागे कडेचे आणखी पाच-सहा. सगळ्यांनी ते मुकाट्याने खाली घेतले. भर उजेडात बॉयलरकाका तोंड उघडं टाकून झोपलेले आता सगळ्यांना दिसत होते.

टाळ्यांनी ते जागे झाले आणि चहाच्या टेबलाशी येऊन तक्रार करू लागले. "बाई, जुना सेन्सर बरा होता. अंधारात माणसाचा जरा आब राहायचा."

"जुन्यात तुम्ही आलात तरी दिसत नव्हता, काका," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात चहा दिला. "आता झोपलात तरी हजर आहात."